भेटप्रतीची कुळकथा

बेन जॉन्सनचं ‘व्होल्पोनी’ हे नाटक १६०७ साली छापून निघालं. त्याची एक प्रत आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्यात जॉन्सनने स्वतःच्या हाताने लिहून ती जॉन फ्लोरिओला दिली आहे. माँतेन्यचे निबंध इंग्रजीत आणणारा, इटालियन-इंग्रजी कोश रचणारा तो हा फ्लोरिओ. जॉन्सन त्याला पित्यासमान म्हणतो, मित्र म्हणतो, आपल्या प्रतिभेचा आधार म्हणतो. नाटक घडतं व्हेनिसमध्ये. तिथलं बारीकसारीक जॉन्सनला कोणी पुरवलं असेल, याचा माग काढणाऱ्याला या हस्तलिखित ओळी फार मोलाच्या वाटतात.

लेखकाने पुस्तक भेट देण्याची चाल याहून पुष्कळ जुनी. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका फ्रेंच हस्तलिखितात ख्रिस्तीन द पिझाँ ही लेखिका गुडघे टेकून राणी इझाबोला आपला ग्रंथ अर्पण करते आहे, असं चित्र आहे. तिथे भेटीमागे राजाश्रयाची आशा होती. पुढे छपाई आली, प्रती वाढल्या, आणि दरबारासोबत मित्र, गुरू, भावंडं यांच्याही वाट्याला पुस्तकं येऊ लागली.

अशा प्रती मुद्दाम जमवणारे मात्र फार उशिरा जन्मले. एकोणिसाव्या शतकातल्या पुष्कळ संग्राहकांना पुस्तक कोरं करकरीत हवं असे. बाइंडर पानं धुऊन जुनी शाई घालवत, कडा छाटत, आणि त्यात कुणाकुणाची अक्षरं कायमची गेली. त्या नासाडीची हळहळ आजही वाटते. शतक संपता संपता नजीकच्या काळातल्या लेखकांच्या पहिल्या आवृत्त्या जमवण्याचं वेड वाढलं, आणि खुद्द लेखकाच्या हातून गेलेल्या प्रतीला भाव आला. ए. एडवर्ड न्यूटन या अमेरिकन संग्राहकाने १९१८ च्या आपल्या पुस्तकात अशा प्रतींवर प्रकरणच लिहिलं. जानेवारी १९२९ मध्ये संगीतकार जेरोम कर्न याचा संग्रह न्यूयॉर्कमध्ये लिलावात निघाला. त्यात भेटप्रतींची रेलचेल होती, आणि एकूण विक्री १७ लाख डॉलरच्या वर गेली.

भेटप्रतीतल्या अक्षरांचं मोल एका लबाडीच्या शोधातही दिसून आलं. टॉमस वाइज हा लंडनमधला नामांकित ग्रंथसंग्राहक. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगची प्रेमसुनीतं १८५० साली प्रसिद्ध झाली, पण त्याआधी १८४७ मध्ये रेडिंग इथे त्यांची खासगी पुस्तिका निघाली होती, असं मानलं जाऊ लागलं. एडमंड गॉससारख्या मान्यवर समीक्षकाने ती हकिगत १८९४ मध्ये छापूनही टाकली. पुस्तिकेच्या प्रती चांगल्या किमतीला विकल्या जात. जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या दोन तरुण पुस्तकविक्रेत्यांना एक गोष्ट खटकली. खासगी पुस्तिका मित्रांना वाटण्यासाठीच छापतात. मग एलिझाबेथने कुणाला लिहून दिलेली एकही प्रत कशी सापडत नाही? त्यांनी कागद तपासून घेतला. १८४७ मध्ये इंग्लंडात जो कागद बनतच नव्हता, रासायनिक प्रक्रियेने केलेल्या लाकडाच्या लगद्याचा, तोच त्यात निघाला. १९३४ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, पुस्तिका बनावट ठरली आणि तिच्यामागच्या वाइजचं पितळ उघडं पडलं. कागदाचा पुरावा निर्णायक ठरला खरा, पण संशयाला वाट दाखवली ती नसलेल्या अक्षरांनी.

याच कार्टरने १९५२ मध्ये संग्राहकांसाठी कोश लिहिला आणि त्यात एक भेद स्पष्ट केला. लेखकाने आपणहून दिलेली प्रत वेगळी, आणि वाचकाने पुढे केली म्हणून सही केलेली वेगळी. प्रकाशन समारंभात रांगेत उभं राहून मिळवलेली सही आणि टपालाने घरी आलेली ‘सप्रेम भेट’, यांतला फरक आपल्यालाही ठाऊक आहे. माझ्या मते खरा संग्राहक दुसरीच्या मागे असतो, कारण तिच्यात दोन माणसं असतात.

आणि घेणाऱ्याचंही काही त्यात उमटतं. जून १८७३ मध्ये कार्ल मार्क्सने ‘कॅपिटल’च्या दुसऱ्या जर्मन आवृत्तीची प्रत चार्ल्स डार्विनला पाठवली, आपण त्याचे मनापासूनचे चाहते आहोत असं लिहून. त्या काळी पानं जोडलेलीच येत. वाचताना सुरीने कापावी लागत. ८२२ पानांच्या या ग्रंथाची पानं १०५ पर्यंतच कापलेली आहेत. डार्विनला जर्मन जड जाई. ऑक्टोबरमध्ये त्याने आभाराचं सौजन्यपूर्ण पत्र मात्र धाडलं.

भेटप्रत बाजारात येते तेव्हा कुणाचं तरी मन दुखावू शकतं. पॉल थरू याने व्ही. एस. नायपॉल यांना लिहून दिलेलं आपलंच पुस्तक एका विक्रेत्याच्या यादीत पाहिलं, किंमत १५०० डॉलर. तीस वर्षांची मैत्री तुटली, आणि १९९८ मध्ये थरूने त्या मैत्रीवरच पुस्तक लिहिलं. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या ‘हे’ साहित्य महोत्सवात दोघांनी पुन्हा हात मिळवले.