नायकाच्या डोक्यावर टोप का नसतो?

आजचा विषय वाचून काहींना हसू आलं असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या माणसानं व्हिडिओ गेमवर बोलायचं म्हणजे जरा गंमतच. पण आम्हाला हा प्रश्न गमतीचा वाटत नाही, आणि तो केवळ खेळाचाही नाही.

प्रश्न असा. पडद्यावरच्या युद्धखेळातला नायक नीट बघा. छातीवर पोलाद, खांद्यावर ढालीएवढे पत्रे, हातमोजे, गुडघ्यापर्यंत बूट. आणि डोकं उघडं! केस वाऱ्यावर उडताहेत. ‘द विचर ३’ या २०१५च्या खेळातला गेराल्ट घ्या. त्याचं चिलखत बदलता येतं, विजार, बूट, हातमोजे सगळं बदलता येतं. डोक्यावर शिरस्त्राण चढवायची सोयच खेळात नाही. ‘फायनल फँटसी ७’मधल्या क्लाउडच्या डोक्यावर फक्त टोकदार केस आहेत. लारा क्रॉफ्ट वेणी घालून गोळीबारात शिरते. प्रत्यक्ष इतिहासात मात्र उलटं दिसतं. ज्या शिपायाला पुरतं चिलखत परवडत नसे, तो मिळेल ते आधी डोक्यावर चढवी. पाय गेला तरी माणूस जगण्याची थोडी आशा असते, डोक्याचं तसं नाही.

यावर ठरलेलं उत्तर आहे की चेहरा दिसला नाही तर खेळ विकला जात नाही. उत्तर खरं आहे, पण अर्धंच आहे. कारण या खेळांच्या सुरुवातीला नायकाचं डोकं झाकलेलंच होतं.

१९८१ साली ‘डाँकी काँग’ आला. त्यातला जो गडी पुढे मारिओ म्हणून जगप्रसिद्ध झाला, त्याला शिगेरू मियामोतोंनी टोपी दिली, कारण मोजक्या ठिपक्यांत केस काढणं जमत नव्हतं. मिशाही त्याच हिशोबानं आल्या, तोंड काढायला नको! १९८६च्या ‘मेट्रॉइड’मध्ये सामुस ही नायिका नखशिखान्त पोलादात होती. खेळ झटपट संपवला तर शेवटी शिरस्त्राण उतरायचं आणि खेळणाऱ्याला कळायचं की आतमध्ये बाई आहे. म्हणजे यंत्र दुबळं होतं तेव्हा डोक्यावर काहीतरी असणं सोयीचं होतं. पुढे यंत्राला डोळ्यातली ओल आणि कपाळावरची आठी दाखवता येऊ लागली, खऱ्या नटांच्या हालचाली टिपून पात्रांना चढवता येऊ लागल्या, आणि टोप उतरले. गंमत बघा, खेळ जसजसे ‘वास्तव’ होत गेले, तसतशी डोकी उघडी पडली.

या दोहोंच्या मधोमध १९९३चा ‘डूम’ उभा आहे. तो खेळ नायकाच्या डोळ्यांतून दिसतो, त्यामुळे त्याचा चेहरा दिसायचं काहीच कारण नाही. तरी पडद्याच्या तळाशी त्याचा चेहरा ठेवलेला आहे. मार बसत जातो तसा तो रक्तबंबाळ होतो. त्याच्या डोक्यावर टोप नाही. पण चौघंजण मिळून खेळायला बसले की एकमेकांना दिसणारा तोच शिपाई हेल्मेट घातलेला! आपण स्वतःला उघड्या डोक्याचे दिसतो, आणि दुसऱ्याला हेल्मेटातला एक शिपाई म्हणून. बनवणाऱ्यांनी हे ठरवून केलं असेल असं आम्हाला वाटत नाही. पण हाती लागलं ते फार खोलातलं आहे.

नाट्यशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर अभिनयाची सहा उपांगं मानली आहेत: डोळे, भुवया, नाक, ओठ, गाल, हनुवटी. बंद शिरस्त्राण घातलं की सहाच्या सहा गेली. उरलं काय? धड. धडाशी लढता येतं, त्याची दया येत नाही.

आता थोडं मागे जाऊ. चेहरा दिसला पाहिजे ही मागणी खेळवाल्यांची किंवा सिनेमावाल्यांची नाही, ती रणांगणाची जुनी मागणी आहे. १४ ऑक्टोबर १०६६, इंग्लंडमधली हेस्टिंग्जची लढाई. नॉर्मंडीचा विल्यम पडला अशी हूल उठली आणि त्याचं सैन्य ढासळू लागलं. तेव्हाचे टोप नाकावर पट्टी असलेले, आणि त्या पट्टीआडून सगळे सारखेच दिसायचे. विल्यमनं भर लढाईत टोप मागे सारला आणि आपला चेहरा सैन्याला दाखवला. बायोच्या सुमारे सत्तर मीटर लांब भरतकामात हा प्रसंग टाक्यांनी काढलेला आहे. त्या क्षणी विल्यमचं डोकं धोक्यात होतं यात शंका नाही. पण डोकं झाकलेलं ठेवलं असतं तर लढाईच हातची जाण्याची वेळ आली होती.

आपल्याकडे ही अडचण हत्तीनं सोडवली. सरदार अंबारीत बसला की कोसभरावरून दिसतो. पण मग तो दिसेनासा झाला की संपलंच. मे १६५८ मध्ये आग्र्याजवळ सामूगढला दारा शुकोह हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला. अंबारी रिकामी दिसली आणि फौज फुटली. पानिपत म्हटलं की मराठी माणूस थोडा थांबतोच. १४ जानेवारी १७६१ला विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊसाहेब हत्ती सोडून घोड्यावर बसून गर्दीत शिरले, आणि रिकाम्या अंबारीनं काय केलं ते आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्याच पानिपतावर १५५६ साली हेमूच्या डोळ्यात बाण घुसला आणि जिंकत आलेली लढाई गेली. कितीही चिलखत चढवा, बघायला म्हणून जागा मोकळी ठेवावीच लागते. बाण तिथूनच आत येतो.

म्हणजे सेनापतीचा चेहरा हे निशाण असतं. निशाण झाकून चालत नाही.

चित्रकारांना हे खेळवाल्यांच्या दोन हजार वर्षं आधी कळलं होतं. अलेक्झांडरचं उदाहरण आम्हाला फार आवडतं. ग्रॅनिकसच्या लढाईत, इसवी सनापूर्वी ३३४ मध्ये, त्याच्या टोपावर घाव बसला. प्लुटार्क सांगतो की तुरा तुटला, पात्याची धार केसांपर्यंत पोचली, पण टोपानं डोकं राखलं. तो टोप नसता तर पुढचा अलेक्झांडरच नसता, आणि मग पौरसाची गोष्टही नसती. आता पाँपेईत सापडलेलं, आज नेपल्सच्या संग्रहालयात असलेलं भव्य मोझेक बघा. दारियसशी लढणारा अलेक्झांडर उघड्या डोक्याचा आहे, केस मागे गेलेले, डोळे विस्फारलेले. ज्या वस्तूनं माणूस जगला, तीच वस्तू कलाकारानं उतरवून ठेवली!

उघड्या डोक्याचं खरं काय होतं, हे बघायचं असेल तर लेस्टरला जावं लागेल. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ साली बॉसवर्थला मारला गेला. त्याचा सांगाडा २०१२ मध्ये त्या शहरात, एका वाहनतळाखाली सापडला. मृत्यूच्या सुमारास झालेल्या अकरा जखमा हाडांवर मोजल्या गेल्या, त्यातल्या नऊ कवटीवर. तपासणाऱ्यांचा निष्कर्ष असा की शेवटच्या झटापटीत त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण उरलं नव्हतं. खेळात असं झालं की आपण पुन्हा मागच्या टप्प्यापासून सुरू करतो.

तर पेच खरा आहे: डोकं वाचवावं की चेहरा दाखवावा? शिवाय टोपाची स्वतःची कटकट आहेच. दिसत नाही, ऐकू येत नाही, श्वास कोंडतो. ही तक्रार काही पुणेकरांनी पहिल्यांदा केलेली नाही, जरी तिच्यासाठी सभा आणि मोर्चे काढण्याचा मान त्यांच्याकडे जातो. बंद शिरस्त्राणातले युरोपीय सरदारही श्वास घ्यायला, बघायला पुढची झडप वर करत.

या पेचातून माणसांनी एक तोड काढली: टोप घालायचा, पण दिसू द्यायचा नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये ऐटबाज हॅटखाली लोखंडी वाटीसारखी टोपी घालत. पहिल्या चार्ल्स राजावर १६४९ मध्ये खटला चालवणारा न्यायाधीश जॉन ब्रॅडशॉ याची आतून पोलाद बसवलेली हॅट ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात ठेवलेली आहे. न्यायासनावर बसलेला माणूस भ्यालेला दिसून चालत नाही, पण भीती तर आहे.

आणि प्रतापगड. १० नोव्हेंबर १६५९. जदुनाथ सरकारांनी शिवचरित्रात दिलेलं वर्णन असं, की महाराजांनी अंगरख्याखाली साखळ्यांचं चिलखत आणि पागोट्याखाली पोलादी टोपी घातली होती. सय्यद बंडानं सरळ तलवारीचा वार केला, त्यात पागोटं चिरलं आणि टोपीला खोक पडली. भेटीला जाणाऱ्याच्या अंगावर भेटीचाच पोशाख दिसायला हवा, आत काय आहे हे समोरच्याला दिसण्याचं कारण नाही. जाता जाता एक शब्द: ‘जिरेटोप’. आज आपल्या डोळ्यांसमोर त्या शब्दानं मोत्यांच्या तुऱ्याचं राजेशाही शिरोभूषण येतं. पण ‘जिरे’ म्हणजे फारसी ‘झिरिह’, साखळ्यांचं चिलखत. ‘जिरेबख्तर’मधलं जिरे ते हेच. आपल्या चित्रांनी टोपातलं लोखंड काढलं आणि तुरा ठेवला. अलेक्झांडरच्या कारागिरानं केलं त्याहून हे फार वेगळं नाही.

आता २००४चा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ बघा. त्यात शिरस्त्राण घातलं की संरक्षणाचे आकडे वाढतात, आणि वर एक पर्याय असतो, की ते दाखवायचं की लपवायचं. टोपाचा फायदा चालू, चेहराही मोकळा! मुलांना वाटतं ही संगणकाची करामत. ब्रॅडशॉच्या हॅटमध्ये दुसरं काय होतं?

इथवर नायकाचं झालं. आम्हाला खरी बोच आहे ती पुढची. नायक उघड्या डोक्याचा, तर मग हेल्मेट कोणाच्या डोक्यावर आहे? शत्रूच्या. आणि नायकाच्या बाजूच्या, नाव लक्षात न राहणाऱ्या शिपायांच्या. २००६च्या ‘गिअर्स ऑफ वॉर’मध्ये नायक मार्कस फिनिक्सच्या डोक्याला नुसतं फडकं बांधलेलं आहे. त्याच्या तुकडीतला नवखा अँथनी कार्माइन मात्र शिस्तीत हेल्मेट घालून येतो. लढाईच्या मध्यावर त्याची बंदूक अडकते, तो कुरकुरत उभा राहतो, आणि दूरच्या नेमबाजाची गोळी त्याच्या हेल्मेटातून आरपार जाते. फडकंवाला शेवटपर्यंत जगतो.

एमॅन्युएल लेव्हिनास या फ्रेंच तत्त्वज्ञानं चेहऱ्यावर फार विचार केला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की दुसऱ्याचा चेहरा समोर आला की तो काही बोलण्याआधीच आपल्याला मारायला मनाई करतो. लेव्हिनास स्वतः नाझींच्या युद्धकैद्यांच्या छावणीत राहिलेला, त्यामुळे हे वाक्य त्यानं आरामखुर्चीत बसून लिहिलेलं नाही. मग ज्या खेळात शेकडो माणसं मारायची आहेत, तिथे चेहरे झाकणं हा सौंदर्याचा प्रश्न उरत नाही. ती मनाई उठवण्याची ती युक्ती आहे.

आणि इतिहास इथे बरोबर उलटा चालतो, म्हणून आम्ही हा विषय घेतला. १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा फ्रेंच शिपाई कापडी टोपी घालून निघाला होता, जर्मन शिपाई उकळून कडक केलेल्या चामड्याच्या अणकुचीदार टोपात. वरून फुटणाऱ्या तोफगोळ्यांचे तुकडे खंदकातल्या माणसाच्या नेमके डोक्यावर पडत. फ्रेंचांनी आधी काय केलं? कापडी टोपीखाली घालायची पोलादी वाटी दिली. पुन्हा तेच, लपवलेला टोप! मग १९१५ मध्ये एड्रियन नावाच्या अधिकाऱ्यानं रचलेलं पोलादी हेल्मेट आलं, त्याच वर्षी इंग्रजांचं ब्रॉडीचं, आणि १९१६ मध्ये व्हर्दूनला जर्मनांचं. हेल्मेट दिसायला सगळ्यांना सारखं, ओळख पुसणारं. पण कारखान्यात लाखांनी घडवून प्रत्येक साध्या शिपायाच्या डोक्यावर ठेवलेलं. ज्याचं नाव सेनापतीला कधी कळणार नव्हतं, त्याचंही डोकं वाचवण्यासारखं आहे, हे त्या पत्र्याच्या भांड्यात कबूल केलेलं आहे. त्यामागे दया होती असं नाही, माणसं कमी पडत होती. तरी कबुली ती कबुलीच.

जिथे ठरलेला नायक नाही, अशा खेळांत हे लगेच दिसतं. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये नुसतं चिलखत ६५० डॉलरला आणि हेल्मेटसकट १०००ला. मुलं अगदी व्यापाऱ्यासारखा हिशोब करतात. ‘पबजी’ आपल्याकडच्या घराघरांत पोचला होता, सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी आली. त्यात शंभर जण विमानातून उडी मारतात आणि त्यातला कोणीच कथेचा लाडका नसतो. तिथे तिसऱ्या दर्जाच्या हेल्मेटसाठी जीव टाकतात, आणि त्या खेळाची ओळख झालेलं चित्रही चेहरा पूर्ण झाकलेल्या माणसाचंच आहे. आपल्याला वाचवायला कुठला लेखक बसलेला नाही हे कळलं की माणूस आपोआप टोप शोधतो.

‘हेलो’चा मास्टर चीफ नायक असून हेल्मेट काढत नाही, असं कोणीतरी आता विचारेलच. बरोबर आहे. पण त्याच्या सोनेरी काचेमागे खेळणाऱ्यानं स्वतःला बसवायचं असतं. ते हेल्मेट हाच त्याचा चेहरा झाला आहे, त्याला गर्दीत कोणी चुकत नाही.

कार्माइनचं मात्र पुढे काहीतरी झालं, ते सांगून थांबतो. दुसऱ्या भागात त्याचा भाऊ आला, तसाच हेल्मेटात, आणि तोही गेला. तिसरा भाग २०११ मध्ये आला, त्यात तिसरा भाऊ होता. त्याला मारायचं की ठेवायचं, हे बनवणाऱ्यांनी खेळणाऱ्यांच्या मतावर सोडलं. टीशर्टसारख्या वस्तू विकत घेऊन मत द्यायचं, आणि पैसे आजारी मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला जायचे. लोकांनी मत दिलं की जगू दे. ही तीच मुलं, जी रोज हेल्मेटवाले शेकड्यांनी टिपत होती.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेपासून सुरू करू या.