कुपा आणि ठाणे खाडी

नवी मुंबई वसवण्यासाठी 1970 साली सिडकोची स्थापना झाली, त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून दिवाळे, सारसोळे, वाशी, घणसोली ही गावे ठाणे खाडीच्या मासळीवर जगत होती. मात्र बोय, जिताडा, कोळंबी आणि चिंबोरी देणाऱ्या या खाडीचा कुपा हा मासा कधीच नव्हता. कोकण किनाऱ्यावर कुपा किंवा गेदर या नावांनी ट्यूनाच्या अनेक जाती ओळखल्या जातात. त्यांपैकी लांब शेपटीचा ट्यूना, म्हणजे 1851 साली ब्लीकर या डच शास्त्रज्ञाने वर्णिलेला ‘थुनस टोंगोल’, किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात वावरत असला तरी गढूळ आणि कमी खारे पाणी टाळतो, आणि भरती-ओहोटीने सतत चिखल ढवळणारी, पावसाळ्यात गोड्या पाण्याने भरणारी ठाणे खाडी नेमकी तशीच आहे.

थांबून श्वास घेणे या माशाला जमत नाही. तोंड उघडे ठेवून अखंड पोहल्यानेच त्याच्या कल्ल्यांतून पाणी वाहते, आणि या श्रमासाठी लागणारा प्राणवायू साठवणाऱ्या मायोग्लोबिन या रंगद्रव्यामुळे त्याचे मांस लालभडक दिसते. पापलेट-सुरमईच्या पांढऱ्या मांसाला सरावलेल्या मुंबईच्या बाजाराने याच लाल मांसामुळे त्याला दीर्घकाळ दुय्यम लेखले, हा त्या माशावर अन्यायच होता.

पाटीत शेजारी शेजारी ठेवलेले कुपेही एक नसतात: टोंगोलच्या पोटावर फिकट लांबट ठिपक्यांच्या आडव्या ओळी असतात, लहान कुप्याच्या पाठीवर मागच्या बाजूस काळसर नागमोडी रेघा आणि छातीच्या परांखाली मोजके काळे ठिपके दिसतात, तर खोल समुद्रातल्या पिवळ्या पराच्या मोठ्या ट्यूनाचे पाठीवरचे दुसरे आणि पोटाकडचे पर वय वाढेल तसे कोयत्यासारखे लांबत जातात.

या शेवटच्या जातीचा शोध घेणे खाडीकाठच्या होड्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. केंद्र सरकारने 1946 साली मुंबईत खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र उघडले, 1983 साली त्याला भारतीय मत्स्य सर्वेक्षण हे नाव मिळाले, आणि 1980 च्या दशकात त्याच्या जहाजांनी लांब दोराला शेकडो गळ लावून अरबी समुद्रातील ट्यूनाचा पद्धतशीर माग काढला. पुढे तळोज्यात मत्स्यप्रक्रियेचे कारखाने उभे राहिले. नवी मुंबईच्या बाजारात आज दिसणारा कुपा मात्र बाहेरच्या समुद्रात फिरणाऱ्या बोटींचा असतो, आणि तो बर्फातच यावा लागतो, कारण उन्हात राहिल्यास त्याच्या मांसात हिस्टामिन हे विषारी द्रव्य तयार होते, जे शिजवल्यानेही नष्ट होत नाही.