ओवी, कीर्तन आणि उपासना

ख्रिस्ती म्हटला की तो परका, आणि एतद्देशीय म्हटला की तो ख्रिस्ती नव्हे, असे दोन कप्पे आपण मनाशी करून ठेवले आहेत. ख्रिस्ती मंडळीने भोवतालच्या संस्कृतीशी जुळवून कसे घ्यावे, हा प्रश्न या कप्प्यांमुळेच अवघड वाटतो. मराठी इतिहास त्याविषयी काय सांगतो, ते आज आम्ही पाहणार आहोत.

आरंभ गोव्यापासून करू. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आले. साष्टी प्रांतात देवळे पाडली जात होती. लोक खवळले आणि १५८३ साली कुंकळ्ळीस पाच जेझुइट मारले गेले. पुढे गावच्या प्रमुखांना अस्सोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. असा हा रक्ताने माखलेला काळ. त्याच साष्टीत, १६१६ साली, स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ का रचला, याचे कारण त्यातच आले आहे: जुनी पुराणे बंद झाली, आता आम्ही वाचावे काय, अशी पृच्छा नवख्रिस्त्यांनी केली. म्हणजे गरज लोकांची होती; पाद्रीबोवांनी ती ओळखली, एवढेच.

पुढे सत्तेने उलटी वाट धरली. लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी, असे फर्मान १६८४ साली निघाले. फर्मानाने लोकांच्या तोंडची भाषा काही गेली नाही. ख्रिस्तपुराणही टिकले. पहिल्या छापील प्रती नाहीशा झाल्या, तरी मंगळूरकडे जपलेल्या हस्तलिखितांवरून १९०७ साली ते पुन्हा छापले गेले, आणि १९५६ साली देवनागरीत आले.

आता देशावर येऊ. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत प्रथम इंग्रजी चालींवरची भाषांतरित गीते गायिली जात. ती कानाला लागत नसत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्तचरित्र कीर्तनात आणले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगांना आणि पदांना उपासनेत मानाचे स्थान मिळवून दिले. १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा दिली. मिशनऱ्यांपुढे हा पेचच होता. तथापि 'उपासना संगीता'त त्यांची पदे आजही आहेत.

कोणी म्हणेल, जुळवून घेता घेता मूळ तत्त्वच हरवले तर? शंका रास्त आहे. भोवतालचे सारेच घेऊ लागल्यास जातिभेदही आत येतो. गोव्यातील चर्चच्या संघांत तो आला, आणि प्रार्थनेच्या ठिकाणीही माणसे वेगळी बसली. म्हणून निवड करावी लागते. ओवी घेतल्याने ख्रिस्त उणा होत नाही; जात घेतल्याने होतो. काय घ्यावे याची कसोटी आमच्या मते हीच.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेतील उपासनेस वाव दिला आणि वसईच्या चर्चमध्ये मराठी मिस्सा होऊ लागला. याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्या निवडीसही विरोध झाला. याचा अर्थ आमचे कप्पे अद्याप मोडलेले नाहीत.

आता शहरे वाढली, मुले इंग्रजी शाळांत जातात, तरुणांची गाणी बदलली. मंडळीपुढे प्रश्न पुन्हा उभा आहे. त्याचे उत्तर वरून येणाऱ्या हुकमात सापडणार नाही. साष्टीच्या त्या नवख्रिस्त्यांप्रमाणे आजचा तरुण 'आम्ही गावे काय?' असे विचारतो आहे. त्याचे म्हणणे आधी ऐकून घेतले पाहिजे.