अंगठा आणि निवाडा

धरण आलं, कारखाना आला की आपण मोर्चा काढतो. काढलाच पाहिजे. पण जमीन जाते ती कागदावरून. म्हणून मी १८९४चा भूसंपादन कायदा कलमवार वाचून काढला. गोऱ्या सायबाचा हा कायदा २०१३ संपेपर्यंत आपल्या बोकांडी होता.

कलम ४ची अधिसूचना निघाली की त्या दिवसाचा बाजारभाव धरायचा. मग कलेक्टर निवाडा देणार. नाव निवाडा, पण तो न्याय नव्हे. ती सरकारनं सांगितलेली किंमत, असं खुद्द प्रिव्ही कौन्सिलनं १९०५ साली सांगून ठेवलंय. किंमत मान्य नसेल तर कलम १८खाली कोर्टात जायचं. थेट मात्र जाता येत नाही. अर्ज करायचा कलेक्टरकडंच, ज्यानं भाव पाडला त्याच्याकडं. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर मुदत सहा आठवडे.

आणि खरी मेख पुढंच आहे. पैसे घेताना 'हरकत राखून घेतले' असं लिहून दिलं नाही, तर कलम १८चा अर्जच करता येत नाही. ज्यांच्या हाती अक्षर लागू दिलं नाही त्यांनी हे लिहून द्यायचं! म्हातारा अंगठा उठवतो, नोटा मोजतो, घरी येतो. त्या अंगठ्यासरशी कोर्टाचं दार बंद. त्यात जुनं कलम २५ असं, की नोटीस मिळूनही सबळ कारणाशिवाय मागणी केली नसेल तर कोर्टानं कलेक्टरपेक्षा पै जास्त द्यायची नाही. कलम २४ तर वाचून डोकंच फिरतं. जमीन सोडायची तुमची इच्छा नाही, ही गोष्ट कोर्टानं हिशेबात धरायचीच नाही.

१९२१ला मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. सेनापती बापटांचं नाव सगळ्यांना पाठ आहे. तिथल्या बऱ्याच जमिनी मात्र पुण्याच्या सावकारांकडं गेलेल्या होत्या. मोबदला कागदावरच्या नावाला, कसणाऱ्याच्या घामाला नाही.

आता आपल्या वतनाचं बघू. १८७४च्या कायद्यानं वतनी जमीन सरकारच्या परवानगीशिवाय बाहेर विकता येत नव्हती. ज्याला विकायचा हक्क नाही त्याची जमीन घेतली तर भूसंपादनाचं कलम ३१ सांगतं, पैसे कोर्टात जमा करा. कलम ३२ सांगतं, त्यातून दुसरी जमीन घ्या, ते जमत नसेल तर सरकारी रोख्यात गुंतवा आणि व्याज द्या. म्हणजे गावकीची वेठ बिगार आपल्या बापजाद्यांनी करायची, आणि जमीन गेल्यावर रोख रक्कमही हातात पडायची नाही. बाबासाहेबांनी १९२८ला मुंबई कौन्सिलात वतनाचं बिल आणलं, ते याच बेडीवर घाव घालायला. बिल पुढं मागं घ्यावं लागलं. खालच्या दर्जाची गावकामगार वतनं संपवणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं.

राज्यघटनेच्या कलम ३१चं पितृत्व काही लोक आजही बाबासाहेबांना चिकटवतात. १९५५ला राज्यसभेत त्यांनी स्वच्छ सांगितलं, की त्याची जबाबदारी मसुदा समितीची नाही. ते इतकं कुरूप आहे की बघवत नाही. १९७८च्या ४४व्या दुरुस्तीनं ते कलम गेलं, ३००अ आलं.

१९८४ला दिलासा रक्कम १५ टक्क्यांवरून ३० झाली. कलम २८अ आलं : शेजाऱ्यानं कोर्टात भाव वाढवून घेतला, तर त्याच अधिसूचनेतल्या गप्प बसलेल्यालाही तीन महिन्यांत वाढ मागता येऊ लागली. पण ती मुदत मोजायला शेजाऱ्याचा निकाल कळायला तर पाहिजे. आणि तो शेजारी बहुतेक वेशीच्या आतला.

हे सगळं जमीनवाल्याचं झालं. भूमिहीनाचं नाव या कायद्यात शोधून सापडत नाही. २०१३च्या कायद्यानं शेतमजूर, कारागीर यांना बाधित कुटुंबात धरलं. अट अशी, की संपादनाआधी तीन वर्षं तिथं काम करत असला पाहिजे आणि पोट त्यावरच असलं पाहिजे. ज्याला रोजची मजुरी तोंडी मिळते, त्याच्याकडं तीन वर्षांचा कागद कुठला? साक्ष द्यायची ती त्याच्या मालकानं.