रंध्याच्या पात्याला धार : कोणतं मशीन, कुठे मिळेल आणि घेताना काय पाहावं?

तळेगाव ढमढेरे : पूर्वी पटाशी, वाकस, किकरं बोथट झालं की सुतार निसण्यावर घासून काम भागवायचा. फारच झिजलं तर लोहाराकडून शेवटून आणायचा. आता शिरूर-दौंड भागातल्या बहुतेक सुतारांकडे इलेक्ट्रिक रंधा आला आहे. त्याचं पातं मात्र निसण्यावर नीट बसत नाही, आणि धारेसाठी पुणे गाठायचं म्हटलं की एक दिवसाची मजुरी जाते. त्यासाठी ही माहिती.

आधी पातं ओळखा

हातरंध्याचं पातं आणि पटाशी साध्या पोलादाची असते. हातात धरायच्या इलेक्ट्रिक रंध्याची पाती बहुतेक ८२ मिमी लांबीची असतात. त्यातली अरुंद, दोन्ही बाजूंनी धार असलेली कार्बाइडची पाती उलटी करून वापरायची आणि दोन्ही बाजू गेल्या की बदलायची. रुंद हायस्पीड स्टीलच्या पात्यांना मात्र पुन्हा पुन्हा धार लावता येते. मोठ्या रंधा मशीनची लांब पातीही सहसा याच पोलादाची असतात.

कोणतं मशीन कशासाठी?

पटाशी आणि हातरंध्यासाठी ६ इंची बेंच ग्राइंडर पुरतो. तो मिनिटाला साधारण २८०० फेरे फिरतो, त्यामुळे पातं लगेच तापतं. धारेवर निळा रंग आला की समजावं, पाणी उतरलं; अशी धार टिकत नाही. म्हणून पातं हलकं टेकवावं आणि वरचेवर पाण्यात बुडवावं. २५ अंशाचा उतार काढून शेवटी निसण्यावर ३० अंशाची बारीक धार केली की काम स्वच्छ होतं.

लांब पात्यांना प्लेनर ब्लेड ग्राइंडर लागतो. त्यात पातं पक्कं आवळलेलं असतं आणि चाक सरळ रेषेत फिरतं, म्हणून धार वाकडी जात नाही. कार्बाइडला डायमंड चाकच हवं.

मशीन कुठे शोधावं?

पहिली चौकशी जवळच्या लाकडाच्या वखारीत करावी. जिथे मोठं रंधा मशीन चालतं, तिथे धारेची सोय कुठे होते हे माहीत असतं. सणसवाडी, रांजणगाव या औद्योगिक पट्ट्यातल्या टूल ग्राइंडिंग करणाऱ्या वर्कशॉपमध्येही विचारून पाहावं. नाहीच जमलं तर पुण्यात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट आहे. दौंडकरांना रेल्वेने पुणे स्टेशनवर उतरून तिथे जाता येतं. निघण्याआधी फोन करावा. एकट्याने दोन पाती नेण्यापेक्षा चार-पाच सुतारांनी मिळून पाती पाठवली तर खेप परवडते.

पाती देताना आणि बसवताना

एका मशीनची सगळी पाती एकत्रच द्यावीत. एक पातं जास्त घासलं गेलं तर वजनात फरक पडतो, मशीन थरथरतं आणि बेअरिंग जातं. मूळ कोन बदलू नका, हे स्पष्ट सांगावं. पाती बसवण्याआधी प्लग काढावा, सगळी पाती एकाच उंचीवर आहेत का ते पाहावं आणि स्क्रू पुन्हा आवळावेत. सुटलेलं पातं बोट घेऊन जातं. बोथट पात्याचाही धोका आहेच : लाकूड मागे उसळतं आणि हात घसरतो.

स्वतःचं मशीन घ्यायचं तर

सिंगल फेजवर चालणारं मशीन घ्यावं; गावात थ्री फेज सगळ्या वेळेला नसते. चाकावर लिहिलेले फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त असावेत. टेकू आणि चाक यांत ३ मिमीपेक्षा जास्त फट नको. चाकाच्या बाजूवर पातं घासू नये, तडा गेलेलं चाक लावू नये आणि चष्म्याशिवाय मशीन सुरू करू नये.

पैशांसाठी पीएम विश्वकर्मा योजना आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या या योजनेतल्या १८ व्यवसायांत सुतार आणि लोहार दोन्ही आहेत. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत ई-व्हाउचर आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाख, दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. नोंदणी सीएससी केंद्रावर होते आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत. नोंदणी सध्या सुरू आहे का, हे केंद्रावर विचारूनच कागदपत्रं घेऊन जावं.