स्वाक्षरी व कागदपत्रांच्या संग्रहाचा छंद : इतिहाससाधन म्हणून एक विचार
(सावनेरच्या विशेष संदर्भात)

सारांश
स्वाक्षऱ्या, पत्रे, हस्तलिखिते, तिकिटे, कार्यक्रमपत्रिका इत्यादी कागद जमविण्याचा छंद सामान्यतः वैयक्तिक विरंगुळा मानला जातो. महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनाचा बराच मोठा भाग मात्र अशाच व्यक्तिगत संग्रहांवर उभा आहे. प्रस्तुत लेखात या छंदाची मराठी पार्श्वभूमी पाहून, सावनेर येथे दिवंगत झालेले नाटककार राम गणेश गडकरी यांच्या उदाहरणाच्या आधारे, कागदाचे मूल्य केवळ स्वाक्षरीत नसून त्याच्या संदर्भात असते, असे प्रतिपादन केले आहे.

प्रस्तावना
नागपूर जिल्ह्यातील सावनेर हे नागपूर-छिंदवाडा मार्गावरील तालुक्याचे गाव. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या गावाचे नाव २३ जानेवारी १९१९ या तारखेशी कायमचे जोडले गेले आहे. या दिवशी राम गणेश गडकरी यांचे येथे निधन झाले. त्यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी नवसारी येथे झाला होता. म्हणजे मृत्यूसमयी त्यांचे वय अवघे ३३ वर्षांचे होते. लेखक गेल्यावर त्याच्यामागे जे उरते ते दोन प्रकारचे असते. एक छापलेले वाङ्मय आणि दुसरे त्याच्या हातचे कागद. पहिल्याची काळजी प्रकाशक, ग्रंथालये व विद्यापीठे घेतात. दुसऱ्याची काळजी घेणारी निश्चित अशी व्यवस्था आपल्याकडे क्वचितच असते. ती उणीव पुष्कळदा एखाद्या छांदिष्ट संग्राहकाने भरून काढलेली दिसते. म्हणूनच या छंदाचा विचार इतिहासाच्या अभ्यासकांनी गांभीर्याने करणे आवश्यक आहे.

स्वाक्षरीपूर्वीचा कागद
आज स्वाक्षरी ही व्यक्तीची ओळख मानली जाते. मराठेशाहीतील कागद मात्र निराळ्या पद्धतीने प्रमाणित होत. पत्र कारकून मोडी लिपीत लिहीत असे. मस्तकी मुद्रा आणि शेवटी मोर्तब उमटले म्हणजे तो कागद अधिकृत ठरे. धन्याने स्वतःच्या हाताने मजकूर लिहिला तर त्याचा निर्देश ‘दस्तुरखुद्द’ असा केला जाई. त्यामुळे एखाद्या पत्रातील कारकुनी मजकूर आणि खुद्द धन्याने लिहिलेल्या दोन ओळी यांतील फरक अभ्यासकाला फार काही सांगून जातो.

ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनाही कागदावर स्थान होते. गोतसभेच्या महजरांवर पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी आढळते. बलुतेदार आपापल्या व्यवसायाचे चिन्ह काढीत. न्हाव्याची निशाणी आरशाची असे. अक्षरशत्रू माणसाची ही स्वाक्षरीच होय. तिचा अर्थ मात्र त्या महजरातील वाद, गाव, तिथी आणि साक्षीदार यांच्यासह वाचला तरच लागतो. नांगराचे ते चित्र कापून वेगळे ठेवले तर उरते ती केवळ शाईची आकृती.

छंदातून उभी राहिलेली दफ्तरे
विश्वनाथ काशीनाथ राजवाडे (१८६३-१९२६) यांनी घरोघरचे जुने कागद मिळवून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. या मालेचे एकंदर २२ खंड झाले. त्यांच्याच पुढाकाराने १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. त्यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये धुळे येथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०-१९२६) यांनी कागदपत्रे व चित्रे यांचा मोठा संग्रह केला. तो पुढे १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणण्यात आला. वासुदेव वामन खरे यांनी मिरजेच्या पटवर्धन घराण्याचे कागद ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’च्या रूपाने अभ्यासकांसमोर आणले. नागपूरकडे यादव माधव काळे यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला.

या मंडळींना छांदिष्ट म्हणणे कोणाला न्यूनतादर्शक वाटेल. परंतु कागदाचा ध्यास, त्यासाठी पदरमोड करण्याची तयारी आणि लोकांच्या माळ्यावरचे दफ्तर उघडून पाहण्याची चिकाटी हे छांदिष्टाचेच गुण आहेत. राजवाडे आणि सामान्य संग्राहक यांच्यातील फरक एवढाच, की राजवाड्यांनी कागदाबरोबर त्याचा ठावठिकाणाही जपला आणि तो छापून सर्वांना खुला केला.

स्वाक्षरीवहीचा काळ
स्वाक्षरीवहीची प्रथा युरोपातून आली. सोळाव्या शतकात जर्मन विद्यापीठांतील विद्यार्थी आपल्या गुरुजनांची व मित्रांची अक्षरे एका वहीत घेऊन ठेवीत. त्या वहीत केवळ सही नसे. एखादे वचन, गाव व तारीखही असे. एकोणिसाव्या शतकात या छंदाला बाजाराचे रूप आले आणि पत्राखालची सही तेवढी कापून चिकटविण्याचा प्रघात युरोपात वाढला. त्यापायी असंख्य पत्रे नष्ट झाली.

भारतात शाळा-महाविद्यालये, सभा-संमेलने आणि राष्ट्रीय चळवळ यांबरोबर ही वही घरोघरी पोहोचली. महात्मा गांधींनी या हौसेचा उपयोग लोककार्यासाठी करून घेतला. स्वाक्षरीसाठी ते हरिजन निधीला पाच रुपये घेत, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यांचा हरिजन दौरा ७ नोव्हेंबर १९३३ रोजी वर्ध्याहून सुरू झाला. अशा दौऱ्यात घेतलेल्या स्वाक्षरीखाली गाव आणि तारीख असेल, तर ती त्या गावच्या सभेचा पुरावा ठरते. तसे नसेल, तर ती केवळ एका थोर पुरुषाची आठवण राहते. दोन्हींत शाई तीच असली तरी इतिहासकाराच्या लेखी त्यांचे मोल सारखे नाही.

एक हात, तीन नावे
या दृष्टीने गडकऱ्यांचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. नाटके त्यांनी स्वतःच्या नावाने, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने लिहिले. छापील पानावर ही तीन नावे तीन निरनिराळ्या व्यक्तींची भासतात. ती एकाच व्यक्तीची आहेत हे सांगणारी सर्वांत सरळ साक्ष म्हणजे हस्ताक्षर. टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाच्या बाबतीत स्वाक्षरीपेक्षा अक्षराचे महत्त्व अधिक, ते यामुळेच.

दुसरा मुद्दा अपूर्णतेचा. ‘भावबंधन’ त्यांनी मृत्यूपूर्वी थोडेच दिवस पुरे केले. ‘राजसंन्यास’ व ‘वेड्यांचा बाजार’ अपुरी राहिली. ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग त्यांच्या निधनानंतर महिनाभरातच, फेब्रुवारी १९१९ मध्ये बडोदे येथे झाला आणि त्यातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी लिहिली. ‘वाग्वैजयंती’ हा काव्यसंग्रहही मरणोत्तर निघाला. जेथे लेखकाच्या पश्चात कृती रंगभूमीवर व छापखान्यात जाते, तेथे लेखकाचे मूळ काय आणि नंतरच्या हातांची भर कोणती, हा प्रश्न अटळ असतो. खाडाखोड, समासातील दुरुस्ती, बदललेली शाई आणि वेगळा कागद यांवरूनच त्याचे उत्तर मिळू शकते. छापील प्रत या खुणा पुसून टाकते. म्हणून अशा लेखकाचे एखादे साधे टिपणही सुटी सही मिळण्यापेक्षा अधिक मोलाचे ठरते.

किरकोळ कागदांचे मोल
थोरांच्या अक्षरांइतकेच किरकोळ कागदांकडेही लक्ष द्यावयास हवे. पाव आण्याचे पोस्टकार्ड १८७९ मध्ये सुरू झाले आणि सामान्य माणसाच्या पत्रव्यवहाराला वाट मिळाली. पोस्टाच्या शिक्क्यामुळे पत्राची तारीख व गाव आपोआप नोंदले जाते. लिहिणारा विसरला तरी पोस्ट विसरत नाही. सावनेरवरून जाणारा नागपूर-छिंदवाडा हा अडीच फुटी रेल्वेमार्ग रुंदीकरणासाठी २०१५ मध्ये बंद करण्यात आला. या मार्गाच्या जुन्या पुठ्ठ्याच्या तिकिटावर स्थानक, दर्जा, भाडे आणि तारीख हे सर्व असे. नाटकाची हस्तपत्रके, लग्नपत्रिका, शाळेची प्रगतिपुस्तके, बाजारसमितीच्या पावत्या यांतून दर, भाषा, जातीपातीचे व्यवहार आणि हौसमौज यांचा जो इतिहास मिळतो, तो सरकारी दप्तरात सापडणे कठीण आहे. पेशवे दप्तरातील निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांनी ४५ खंडांत संपादित केले, त्यातून राज्यकारभार समजतो. घराघरातील व्यवहार समजण्यासाठी घराघरातील कागदच हवेत.

संग्राहकाच्या पश्चात
या छंदाचे सर्वांत मोठे दुखणे म्हणजे तो बहुधा एका पिढीचा असतो. चाळीस-पन्नास वर्षे जमविलेला संग्रह संग्राहकाच्या मागे घरातील मंडळींना अडगळ वाटू लागतो आणि अखेर रद्दीच्या भावाने जातो. त्यातही कोणता कागद कोठून मिळाला हे संग्राहकाला तोंडपाठ असते, पण लिहून ठेवलेले नसते. म्हणजे कागद उरला तरी त्याची हकिकत माणसाबरोबर जाते.

कागदाचे आयुष्यही विचारात घेतले पाहिजे. जुन्नरी वा दौलताबादी हातकागदावरील काजळाची शाई शतकानुशतके टिकली आहे. त्यामानाने विसाव्या शतकातील लाकडी लगद्याचा कागद लवकर पिवळा पडून ठिसूळ होतो आणि पुष्कळ रंगीत शाया उन्हाने उडतात. प्लॅस्टिकचे आवरण उष्णतेने कायमचे चिकटविणे किंवा चिकटपट्टी लावणे हे उपाय घातक आहेत. याला कायद्याचीही बाजू आहे. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमानुसार ऐतिहासिक वा वाङ्मयीन महत्त्वाचे, किमान ७५ वर्षांपूर्वीचे हस्तलिखित पुरावशेष ठरू शकते. ही तरतूद अनेक संग्राहकांना ठाऊक नसते.

समारोप
वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की संग्राहकाचा छंद आणि इतिहासकाराचे साधन यांच्यामध्ये अंतर आहे ते फक्त नोंदीचे. कागद कोणाकडून, केव्हा, कोठे मिळाला. तो कोणत्या कागदांबरोबर होता. त्यावर कोणाचे अक्षर आहे, एवढे चार शब्द सोबत असले की छंदाचे दफ्तर होते.

सावनेरसारख्या तालुक्याच्या गावी अभिलेखागार नसते, पण महाविद्यालय असते. इतिहास व मराठी विभागांनी परिसरातील संग्राहकांची यादी करावी, त्यांच्या हयातीतच त्यांच्या तोंडून प्रत्येक कागदाची हकिकत लिहून घ्यावी, मालकी त्यांच्याकडेच ठेवून छायाप्रती घ्याव्यात आणि मोडी वाचू शकणारे विद्यार्थी तयार करावेत. यासाठी मोठ्या अनुदानाची गरज नाही. एक नोंदवही, एक कॅमेरा आणि नियमित भेटी पुरेशा आहेत. ज्या गावात गडकऱ्यांनी अखेरचा श्वास घेतला त्या गावाने तरी अपुऱ्या राहिलेल्या कागदाचे मोल ओळखावे, ही अपेक्षा वाजवी आहे. संग्राहक असेपर्यंत हे काम एका दुपारचे असते. तो गेल्यावर ते कोणालाच करता येत नाही.