लिव्हरपूलच्या बाजारातला उमरा

वऱ्हाडातून मुंबईला गेलेल्या कापसाची जुनी नोंद १८२५-२६ सालची आहे. विकाजी आणि पेस्तनजी या व्यापाऱ्यांनी सुमारे ५०० बैलांवर लादून तो धाडला. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, १८६०च्या दशकात आगगाडी अकोला-बडनेऱ्याला पोचली आणि अमरावतीचे नाव लिव्हरपूलच्या बाजारात रोज पुकारले जाऊ लागले. तिथले दलाल या कापसाला ‘उमरा’ म्हणत.

गावाच्या नावावर माल खपू लागला की ते नाव राखावे लागते. इटलीतल्या तस्कनीचा शासक तिसरा कोझिमो याने १७१६ सालीच फर्मान काढून कियांती वाइनच्या मुलखाची हद्द आखून दिली होती. तरीही शेजारचे मळेवाले ते नाव वापरत राहिले, तेव्हा १९२४मध्ये तिथल्या बागायतदारांनी संघ काढला आणि काळा कोंबडा ही आपली खूण ठरवली.

उमराला अशी हद्द कुणी आखली नाही. खानदेशाचा आणि मध्य प्रांताचा कापूसही त्याच नावाने विकला जाऊ लागला.

घरचे दुखणे आणखी खोल होते. वऱ्हाडातली ‘बनी’ ही कापसाची जात लांब, मऊ धाग्याची, पण तिचा रुईचा उतारा कमी. ‘जरी’ आखूड धाग्याची, उताऱ्याला भरघोस. बाजारात बंडी उभी राहिली की खरेदीदार मूठभर कापूस उपसून, सरकी सोडवून, धागा दोन चिमटींत ताणून बघे. पण जिनात दोन्ही एकत्र पडत आणि भाव मिसळीचाच निघे. मग बनी पेरायची कुणासाठी? ती शेतातून हटली यात शेतकऱ्याचा दोष काडीचाही नव्हता.

कायदे झाले, नाही असे नाही. कारंज्याला १८८६मध्ये नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. त्यांनी मापे, अडत आणि दलाली यांना शिस्त लावली, आणि ते काम मोठेच होते. १९२५च्या कायद्याने गठाणीवर प्रेसचा शिक्का आला. कापूस कोणत्या शिवारातला, हे मात्र त्या शिक्क्यावरून कळत नसे.

मालाच्या नावाला गावाची हद्द आखून देणारा भौगोलिक मानांकनाचा कायदा देशात १९९९मध्ये झाला. २०१४ साली संत्र्याला मानांकन मिळाले ते नागपूरच्या नावाने. अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-मोर्शीच्या बागांतला संत्राही त्याच नावाने बाजारात जातो. मानांकनाचे हक्क बजावायला बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून चेन्नईच्या मानांकन नोंदणी कार्यालयात स्वतंत्र नोंदणी करावी लागते.